वाचकांचे देणे

कादंबरीकार कशा झालात, असा प्रश्न मला समारंभांतून विचारला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांना एखाद्या थोर गुरूचे किंवा ग्रंथाचे नाव अपेक्षित असते. माझे उत्तर त्यांना काहीसे निराश करते. मी लिहायला शिकले ती बार्शीच्या अडत दुकानात, वडिलांच्या शेजारी गादीवर बसून. आणि कादंबरी लिहायला शिकले ती माझी पहिली कादंबरी छापून झाल्यानंतर, वाचकांच्या पत्रांवरून. मधली वर्षे केवळ धीर धरण्यात गेली.

आपल्यापैकी अनेकांना हे वातावरण ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या दुकानी ज्वारी, तूर आणि हरभरा येई. लिलाव होई, काट्यावर माप होई आणि शेतकऱ्याच्या हाती हमाली-तोलाई वजा जाता पट्टी पडे. दिवसभराच्या नोंदी कच्च्या वहीत असत. रात्री त्या किर्दीत उतरायच्या, आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती घालायच्या. थोरल्या भावाचे अक्षर वळणदार नव्हते, म्हणून शाळकरी वयातच हे काम माझ्याकडे आले. मुलीने पेढीवर बसावे की नाही, याची घरात थोडी कुजबुज झाली. वडिलांनी ती कानाआड केली.

त्यांचा एक नियम होता. किर्दीत चूक झाली तर खोडायचे नाही, खरवडायचे तर मुळीच नाही. चुकीची नोंद जशीच्या तशी राहू द्यायची आणि खाली त्या दिवसाची तारीख घालून उलट नोंद करायची. "चूक लपवलेली वही कोर्टात टिकत नाही, आणि मनातही टिकत नाही," असे ते म्हणत. लेखनाविषयी मला मिळालेला हा पहिला धडा. त्याचा खरा अर्थ कळायला पुढे चाळीस वर्षे लागली.

दुसरा धडा पोस्टकार्डांनी दिला. संवत्सरी झाली की आमच्या घरून खमतखामणाची सत्तर-ऐंशी कार्डे जात. मजकूर ठरलेला, सही वडिलांची, अक्षर माझे. आठवीत असताना मला या एकसुरीपणाचा कंटाळा आला आणि मी प्रत्येक कार्डाच्या तळाशी एकेक ओळ स्वतःची घातली. कुर्डुवाडीच्या आत्याबाईंना लिहिले, "विहिरीत डोकावले म्हणून आपण रागावलात, त्याची विशेष क्षमा असावी." आठवड्याने त्यांचे उत्तर आले. कार्ड साऱ्या घरात वाचून दाखवले, सगळे पोट धरून हसले, असे त्यांनी कळवले होते, आणि खाली लिहिले होते, "ती विहीर नव्हे, आड होता. लिहिताना नीट पाहावे." माझ्या लेखनावरचा हा पहिला अभिप्राय. कौतुक आणि दुरुस्ती, दोन्ही एकाच पोस्टकार्डावर. यापेक्षा चांगले परीक्षण मला क्वचितच लाभले असेल.

विसाव्या वर्षी लग्न होऊन मी लातूरला आले. सासरी डाळ मिल होती. दुपारी पुरुषमंडळी जेवून परत गेली की दोन तासांची उसंत मिळे. त्या वेळात मी मागील वर्षीच्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत बसे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "एवढे काय लिहितेस?" मी म्हटले, "हिशेब." त्यांनी एक पान हाती घेतले, थोडे वाचले आणि शांतपणे परत ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळात आलेल्या पाहुण्यांना त्या स्वतः चहा करून देऊ लागल्या. त्याविषयी आमच्यात पुढे कधीच बोलणे झाले नाही.

तरीही मनात एक संकोच होता. व्यापाऱ्याच्या घरात लेखन हे रिकामपणाचे काम समजले जाते, आणि तो समज माझ्यातही मुरलेला होता. तो दूर केला बनारसीदासाने. जौनपूर-आग्र्याच्या या जैन व्यापाऱ्याने १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, स्वतःची जीवनकथा पद्यात लिहिली. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्याने तिला 'अर्धकथानक' असे नाव दिले. भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्रांमध्ये तिची गणना होते. तरुणपणी रचलेले एक शृंगारकाव्य त्याने पश्चात्तापाने गोमती नदीत फेकून दिले होते. आग्र्यात व्यापार बुडाला तेव्हा तो रात्री 'मधुमालती' आणि 'मृगावती' या कथा वाचून दाखवी, आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्या काळात एक कचोरीवाला त्याला कित्येक महिने उधारीवर कचोऱ्या देत राहिला. हे सारे त्याने काहीही न लपवता सांगितले आहे. ग्रंथाच्या शेवटी तर त्याने आपले गुण आणि आपले दोष, दोन्ही ओळीने मांडले आहेत. व्यापाऱ्याच्या वहीला जमा आणि नावे या दोन बाजू असतात. या गृहस्थाने स्वतःचीच वही तशी लिहिली. आपल्यासारख्या घरांतला माणूस असे लिहू शकतो, एवढे मला पुरेसे होते.

माझी कादंबरी १९७२च्या दुष्काळावर होती. त्या वर्षी बाजारात माल आला नाही. काटे रिकामे पडले, रेशनवर लाल मिलो आला, रस्त्यांच्या कडेला खडी फोडण्याची कामे निघाली. वडील दुकान उघडत, गादीवरची चादर सारखी करत आणि संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे पाहत बसत. त्यांना देणी होती. येणी होती, ती वसूल होण्याजोगी नव्हती. त्या वर्षी आमची पेढी बुडता बुडता वाचली. घरात कोणी हे उच्चारत नसे. मी ते लिहिले. हस्तलिखित वडिलांपुढे ठेवले तेव्हा माझे हात कापत होते, कारण पेढीची पत म्हणजे काय हे मला समजत होते. त्यांनी बारा रात्री ते वाचले आणि एवढेच म्हणाले, "पृष्ठ ८४वर तुरीचा भाव चुकला आहे." त्यांची परवानगी मला अशी मिळाली.

पहिली आवृत्ती हजार प्रतींची निघाली. वृत्तपत्रांत दोन परीक्षणे आली, दोन्ही अनुकूल. मला मात्र खरा आनंद दिला तो पत्रांनी. वाचनालयांतून पुस्तक नेणाऱ्या गृहिणी, निवृत्त कारकून, किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळी वाचणारा एक तरुण, अशी अनोळखी माणसे लिहू लागली. एका वृद्ध व्यापाऱ्याने कळवले की पुस्तक वाचून झाल्यावर त्याने आपल्या मुलांना प्रथमच स्वतःच्या जुन्या कर्जाची हकिकत सांगितली. ते पत्र मी तीनदा वाचले. मला वाटले, आता आणखी काय हवे?

त्यानंतर दोन महिन्यांनी एक आंतरदेशीय पत्र आले. लिहिणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. अक्षर फळ्यावर लिहावे तसे सुटे आणि स्वच्छ. त्यांनी आरंभी कादंबरीची मनापासून स्तुती केली होती. पुढचा मजकूर असा होता:

"माझे वडील बाजारात हमाल होते. दुष्काळात तुमच्या दुकानी माल आला नाही आणि तुमच्या नायकाला झोप लागली नाही, हे आपण फार खरे लिहिले आहे. परंतु माल आला नाही म्हणजे पाठीवर पोतेही आले नाही. त्या घरात त्या दिवशी काय शिजले, हे पुस्तकात कोठे सापडले नाही. आपल्या कादंबरीत बैलाला नाव आहे. हमालाला नाही. रागावू नये."

मी रागावले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पहिला दिवस रागातच गेला. मी मनात उत्तरे रचत राहिले: कादंबरी पेढीची आहे, सारेच कसे मावेल? दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून पाहिले. बैलाचे नाव सर्जा होते आणि ते अकरा ठिकाणी आले होते. हमाल शेवटपर्यंत 'हमाल'च होता.

आणि मग मला तात्या आठवले. आमच्या दुकानचे हमाल. पावसाळ्यात पेठेच्या रस्त्याला गुडघाभर पाणी वाहू लागले की ज्या पाठीवरून पोती जात, त्याच पाठीवर बसून मी शाळेत जात असे. त्यांच्या खांद्यावरच्या पोत्याच्या खोळीला येणारा हरभऱ्याच्या भुश्श्याचा वास मला आजही आठवतो. त्यांचे नाव मात्र आठवेना. मी बार्शीला वडिलांना दूरध्वनी केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तात्याच म्हणायचो ग आपण. नाव असेल की काहीतरी."

१९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला आणि हमालांची नावे नोंदवहीत येण्याची वाट मोकळी झाली. आमच्या वहीत मात्र त्या काळी 'हमाली' ही एकच रक्कम असे. ती किती पाठींवरून आली, हे लिहिण्याची रीत नव्हती, आणि ती ओळ कित्येक वर्षे मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहीत आले होते.

वडिलांनी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढायला लावल्या. चार दिवसांनी भावाचा निरोप आला: १९७२च्या खतावणीत तात्यांचे खाते सापडले. पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आणि खाली अंगठा. दुष्काळात त्यांनी उचल घेतली होती, म्हणून त्यांच्या नावे खाते उघडले गेले. पुढे दोन-दोन, तीन-तीन रुपयांच्या जमा होत्या आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी खाते चुकते झाले होते. त्यानंतर ते नाव वहीत पुन्हा आले नाही.

आम्ही त्यांच्याकडून काम घेतले तेव्हा त्यांना नाव नव्हते. ते आमचे देणेकरी झाले तेवढ्याच वर्षी त्यांना नाव मिळाले. हे वाचून मी बराच वेळ बसून होते. माझे वडील कठोर नव्हते. दुष्काळात स्वतःची पेढी डळमळत असताना त्यांनी ती उचल दिली होती. तरीही वहीने जे दाखवले ते खरे होते. माझ्या कादंबरीने तीच वही पुढे चालू ठेवली होती.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी विचारले, काही बदल आहेत का? जुन्या मजकुरात 'हमाल'च्या जागी एखादे नाव घालणे सोपे होते. परंतु ती खाडाखोड झाली असती. मी मूळ पाने तशीच ठेवली आणि शेवटी वीस पानांचे नवे प्रकरण जोडले. त्यात तोच दुष्काळ, तोच दिवस, पण हमालाच्या घरातून दिसणारा. त्यासाठी मी पुन्हा बार्शीला राहिले, तात्यांच्या सुनेकडे चार दुपारी बसले आणि खडी फोडायला गेलेल्या दोन वृद्ध स्त्रियांना भेटले. सुकडीची चव कशी असते, घणाने हात कसे सुजत, मिलोची भाकरी थापताना कशी तुटे, हे त्यांनी सांगितले. प्रस्तावनेत मी स्वच्छ लिहिले की हे प्रकरण एका वाचकाच्या पत्रामुळे आले आहे आणि पहिल्या आवृत्तीत ते नसणे ही माझी चूक होती. तात्यांचे खरे नाव मी तेथे छापले नाही. ते त्यांच्या घरच्यांचे आहे. कादंबरीतल्या हमालाला मी दुसरे नाव दिले आहे. पण नाव आहे.

वडिलांनी नवे प्रकरण वाचले. या वेळी त्यांना भाव चुकलेला आढळला नाही. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "सुनेला पुस्तक दिलेस का?" मी देऊन आले होते. ते म्हणाले, "बरे केलेस. उलट नोंद उशिरा झाली तरी चालते. व्हावी लागते."

शिक्षकांनाही एक प्रत पाठवली. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले: "वाचले. आता हिशेब जुळला. पृष्ठ २९६वर हमाल तंबाखू मळतो, तेवढे पाहावे. पुष्कळजण खात. माझे वडील खात नसत. पण हे आपल्याला कसे ठाऊक असणार?" मला हसू आले. कुर्डुवाडीच्या आत्याबाईंचा आड आठवला.

माझ्या खणातल्या पत्र्याच्या डब्यात आता तीनशेहून अधिक पत्रे आहेत. लेखक पुस्तक लिहितो तेव्हा तो वाचकाचा वेळ आगाऊ उचलतो. वाचकाने कोणतीही हमी न मागता दिलेली ती उचल असते. स्तुतीच्या पत्रांनी मला लिहीत राहण्याचे बळ दिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु ज्यांनी पदरचा वेळ आणि टपालखर्च घालून माझी चूक दाखवली, त्यांचे देणे अधिक मोठे आहे. त्यांना माझ्याकडून काहीही मिळायचे नव्हते.

वाचकहो, आपल्या घरांतून पुस्तके वाचली जातात, पण लेखकाला कळवण्याचा आळस होतो, असा माझा अनुभव आहे. एखादे पुस्तक आवडले तर दोन ओळी अवश्य लिहा. आणि त्यात काही चुकले असेल, कोणी राहून गेले असेल, तर ते आधी लिहा.