रुळालगतची झोप

साताऱ्याचे स्टेशन गावाबाहेर, माहुलीला. अजिंक्यताऱ्याखालच्या मंडळींच्या झोपेला रेल्वेचा उपद्रव नाही. सांगलीचे तसे नाही. पुणे-मिरज या २८० किलोमीटरांच्या लोहमार्गाचे दुहेरीकरण चालू असताना मी कोरेगाव, रहिमतपूर, किर्लोस्करवाडी करीत सांगलीला नात्यातल्या एका काकूंकडे उतरलो. घर अगदी रुळालगत. रात्री खडी ओतली जाई आणि फडताळातल्या कपबश्या आपसांत बोलू लागत!

“जमीन गेली त्यांना पैसे मिळतात. आमची नुसती झोप गेली हो,” काकू म्हणाल्या.

१९८९ च्या रेल्वे कायद्याचे १५ वे कलम कामामुळे झालेले नुकसान भरून द्यावे म्हणते. तंटा पडला तर जिल्हा न्यायाधीश आहेत. पण भिंतीची भेग दाखविता येते, जागरण कसे दाखवावे? २००० सालच्या ध्वनिनियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल लिहिली आहे. तेथे भरपाईचे नाव नाही. इंग्लंडात १९९६ च्या नियमांनुसार नव्या लोहमार्गाचा आवाज हद्दीबाहेर गेला, तर घरांना आवाज अडविणाऱ्या खिडक्या मिळतात.

काकूंना खिडक्या नको होत्या. “काम कोणत्या रात्री, तेवढे आधी कळवा म्हणावे. मी मिरजेला लेकीकडे निजायला जाईन.”