वन्संच्या गावचं ऊन

साताऱ्याला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी ती गोंदियाला जाऊन थांबते. त्याच्या थोडं अलीकडे तिरोडा. तिथून जवळच, वैनगंगेच्या काठच्या गावात आमच्या वन्सं दिल्या आहेत.

मैत्रिणींनो, मी पहिल्यांदा तिकडे गेले ती ऐन मे महिन्यात. निघताना कुणी तरी म्हणालं, "तिकडे साधारण 42 अंश असतं, चालतं." मीही म्हटलं, चालतं! पण हे 'साधारण' म्हणजे तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी. घरखर्चाची वर्षाची सरासरी काढली तर त्यात दिवाळीचा महिना कुठे दिसतो? तसंच हे. शेजारच्या नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 वर गेला होता आणि 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 पर्यंत उतरला होता. दोन्ही टोकं एकाच मुलखातली, बरं का!

25 मेपासून नवतपा लागतो. वन्संनी पहिल्याच दिवशी बजावलं, "वहिनी, बारा ते चार उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही." स्वयंपाक नऊच्या आत उरकायचा, पन्हं माठाजवळ तयार. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते. आणि उन्हातून आलेलं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजल्यासारखं लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. ओल्या फडक्यानं अंग पुसत थेट दवाखाना गाठा.

पण वन्संना विचारा, त्या उन्हाला भीत नाहीत. त्या भितात पाण्याला. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वर मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, धरणांचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा फुगली. धानाच्या बांधीत पाणी उभं हवंच, ते खरं. पण रोप पुरतं बुडून दिवसचे दिवस राहिलं की कुजतं. वन्संची दोन एकरांतली रोवणी तशीच गेली. घरात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सासूबाईंनी रात्री धानाची पोती ओढून पलंगावर चढवली. अकरातली चार वाचली. वर्षभराचं खाणं होतं ते! सासूबाईंची कंबर तेव्हापासून धरली आहे. आता पावसाळा लागला की पोती माळ्यावर जातात, आभाळ निरभ्र असलं तरी. कारण नदीला पाणी आपल्याच आभाळातून येतं असं थोडंच आहे?

तुम्ही मात्र डिसेंबरात जा. ऊन गोड असतं, नवेगावबांधचा तलाव बघण्यासारखा असतो. फक्त रजई आणि मुलांचे कानटोपे विसरू नका, दुपारच्या उन्हावर भाळून तर मुळीच नाही. येताना नवा तांदूळ आणाल, तर भाताला नेहमीपेक्षा पाणी कमी घाला. मी पहिल्यांदा नेहमीइतकंच घातलं आणि सगळ्यांना पेज वाढली.