पृथ्वी पाडण्याची नोटीस

पुलगांवीं आमच्या घराच्या भिंतीवर रस्ता रुंद करण्यासाठीं तांबडी खूण उमटली, तेव्हां वडील दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत. त्याच सुमारास डग्लस ॲडम्स यांचें १९७९ सालचें ‘हिचहायकर्स गाइड टु द गॅलॅक्सी’ हें इंग्रजी पुस्तक माझ्या हातीं आलें. त्यांतील नायकाचें घर रस्त्यासाठीं पाडावयाचें असतें. नोटीस मात्र लावलेली असते तळघरांतील कुलूपबंद कपाटाच्या तळाशीं! पुढें तर आकाशमार्गाच्या आड येते म्हणून सारी पृथ्वीच नाहींशी केली जाते. मीं ही कथा सांगतांच वडील पोट धरून हंसले आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं हरकतीचा अर्ज लिहावयास घेतला. विद्यार्थिबंधूंनो, ॲडम्स यांनीं या मालिकेचे पांच भाग लिहिले; वाचन पहिल्यापासूनच आरंभावें, आणि शक्य तर घरांत मोठ्यानें वाचावें.