पैनगंगेच्या काठी एक दिवस, एक रात्र

सहल म्हटली की आपल्या समाजातील कुटुंबांच्या डोळ्यांपुढे ठरावीक ठिकाणे उभी राहतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला दादरची चैत्यभूमी आणि शाळेच्या सहलीत अजिंठा-वेरूळ. तिथे गेलेच पाहिजे, त्यात वाद नाही. परंतु नुसते जंगल पाहायला म्हणून एखादे कुटुंब निघाले, असे आमच्या मुखेडात तरी आम्ही ऐकले नव्हते. आपली माणसे जंगलात गेली ती पोटासाठी. लाकूड तोडायला, तेंदूपत्ता गोळा करायला, रस्त्याची खडी फोडायला. हौसेने जंगलात जाणारा माणूस वेगळा आणि आपण वेगळे, असे मनात कुठेतरी बसलेले आहे.

आमच्याही घरात ते बसलेले होते. ते निघाले आमच्या पुतणीमुळे.

पुतणी विज्ञान शाखेतून बारावी झाली आहे. वनरक्षक व्हायचे तिने मनाशी ठरवले आहे. रोज पहाटे मैदानावर पळायला जाते. 2023 च्या वनरक्षक भरतीत मुलींना 3 किलोमीटर धावणे होते आणि निवडीच्या शेवटी चार तासांत 16 किलोमीटर चालण्याची चाचणी होती, हे तिला तोंडपाठ. आमच्या भावजयींचा मात्र साफ विरोध. त्यांचे म्हणणे असे की तलाठी हो, नर्स हो, पण पोरीच्या जातीने रानात एकटीने फिरायचे नाही. आणि त्यांच्या बोलण्यात भीतीला आधारही होता. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात स्वाती ढुमणे या वनरक्षक भगिनी व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी खुणा शोधत असताना वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ती बातमी भावजयींनी वाचलेली होती आणि विसरलेली नव्हती.

घरात महिनाभर धुसफूस चालली. शेवटी आमच्या वडिलांनी तोंड उघडले. त्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे. ते म्हणाले, "रान न बघता रानावर काय भांडू लालाव? आधी जाऊन बघा. मग बोला."

वडिलांना तो अधिकार आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यात प्यायला पाणी नव्हते आणि खायला दाणा नव्हता. तेव्हा विशीतले आमचे वडील चार सोबती घेऊन किनवटच्या जंगलात कुपावर सागवान तोडायला गेले होते. पैनगंगेच्या काठाला पालात राहिले. त्या दिवसांतली एकच गोष्ट ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत. गावात आपल्या वस्तीचा पाणवठा वेगळा होता आणि तोही आटला होता. नदीवर मात्र ओंजळ बुडवायला कुणाला विचारावे लागले नाही.

म्हणून जायचे ठरले ते त्याच नदीवर.

डिसेंबरातील एका शनिवारी पहाटे चार वाजता आम्ही नऊ जण भाड्याच्या क्रूझरने निघालो. आम्ही उभयता, आमची दोन लेकरे, भावजय, पुतणी, शेजारची दोन मुले आणि ड्रायव्हर. नरसी, नायगाव, नांदेड, भोकर, हिमायतनगर असा रस्ता. नांदेड सुटेपर्यंत लेकरे झोपेत होती. भोकरच्या पुढे उजाडले आणि डोंगर व झाडी दिसू लागली. आपल्या मुखेडची लेंडी मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. इकडची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता पुढे त्याच गोदावरीत. म्हणजे आपल्या शिवारातले पाणी आणि या जंगलातले पाणी शेवटी एकच. हे आम्ही मुलांना गाडीत सांगितले. धाकट्याने विचारले, "मग आपल्या लेंडीच्या काठाला झाडं का नाहीत?" आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

इस्लापूरजवळ सहस्रकुंड धबधबा आहे. एका तीराला नांदेड जिल्हा, दुसऱ्या तीराला यवतमाळ. काळ्या बेसॉल्ट खडकावरून नदी खाली उडी घेते. पावसाळ्यात इथे सगळी नदी एक होऊन कोसळते. डिसेंबरात पाणी कमी, त्यामुळे ते वेगवेगळ्या धारांत विभागते आणि खडकाला पाण्याने कोरलेले कुंडासारखे खळगे उघडे पडतात. नावाचा अर्थ हिवाळ्यातच नीट कळतो. वरच्या बाजूला इसापूरचे मोठे धरण आहे, तेव्हा पाणी किती असेल हे पावसाइतकेच धरणातून सोडण्यावर असते. खडक शेवाळलेला व निसरडा असतो. लेकरांचा हात सोडू नये. फोटोच्या नादाने कडेला जाऊ नये.

तिथून किनवट आणि किनवटहून पैनगंगा ओलांडून खरबी. इथे पैनगंगा अभयारण्य लागते. पैनगंगेने या जंगलाला तीन बाजूंनी वेढा घातला आहे. पुष्कळ जण याला राष्ट्रीय उद्यान म्हणतात, पण ते बरोबर नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायलाही बंदी असते. अभयारण्यात गावकऱ्यांचे काही हक्क नियमांत राहून चालू राहू शकतात. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या आदिवासींच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या इतर लोकांच्या हक्कांना मान्यता दिली. वडील ज्या वर्षी पोटासाठी कुऱ्हाड घेऊन इथे आले, त्याच वर्षी वन्यप्राणी वाचवण्याचा कायदा झाला. दोन्ही गोष्टींचे साल एक, हे आमच्या ध्यानात त्या दिवशी प्रथम आले.

चौकीवर नावे नोंदवली, ओळखपत्रे दाखवली आणि गावातला एक वाटाड्या बरोबर घेतला. त्याने आधी तीन गोष्टी बजावल्या. एका ओळीने चालायचे, मोठ्याने बोलायचे नाही आणि कुठे काही दिसले तर पळायचे नाही. मग चालणे सुरू झाले. दोन्ही बाजूंनी सागवान, मधूनमधून ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि पळस. वाटाड्याने सागाचे कोवळे पान तळहातावर चोळून दाखवले. हात कुंकवासारखा लाल झाला. एका ठिकाणी अस्वलाने उकरलेले वारूळ होते. वाळवी खाण्यासाठी ते वारूळ फोडते. ओढ्याच्या ओल्या रेतीत नीलगाईचे खूर उमटले होते. वाघाबद्दल विचारले तेव्हा तो हसला. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. तेलंगणा आणि मराठवाड्यातून, शेतांतून, रस्ते ओलांडत त्याने पाच महिन्यांत 1300 किलोमीटर वाट तुडवली आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एवढ्या वाटेत लाखो माणसे राहतात. बहुतेकांना तो दिसलादेखील नाही. वाघाला माणूस टाळायचाच असतो, असे वाटाड्याचे म्हणणे.

पुढे एका खुंटाशी आम्ही थांबलो. एकाच बुंध्यातून सागाची दोन झाडे सरळ वर गेली होती. वाटाड्याने समजावून सांगितले की पूर्वी कूप पाडत, म्हणजे जंगलाचे भाग करून पाळीपाळीने एकेक भाग तोडत. साग तोडला तरी खुंटाला धुमारे फुटतात आणि त्यांचीच पुन्हा झाडे होतात. ही जोडझाडे तशी आहेत. आम्ही बुंध्यावर हात ठेवला. कुणी तोडला होता हे कोण सांगणार? पण कुणीतरी उपाशीपोटी तोडला होता, एवढे नक्की.

भावजयींच्या चपलेचा अंगठा याच ठिकाणी तुटला. पुतणीने आपल्या ओढणीची चिंधी फाडून तो बांधून दिला आणि पुन्हा पुढे झाली. ती दिवसभर सर्वांच्या पुढे, वाटाड्याच्या पाठोपाठ होती.

उतरत्या उन्हात वाटेत एका चौकीवर पाणी प्यायला थांबलो. तिथे खाकी गणवेशातल्या एक वनरक्षक भगिनी भेटल्या. वय पंचविशीच्या आसपास. मूळच्या आपल्याच मराठवाड्यातल्या. आमच्या मुलांनी वाघ-अस्वलाचे प्रश्न विचारले. भावजयींनी विचारले, "बाई, रातच्याला कुठं जाताव?" त्या समजल्या. म्हणाल्या, "आता चौकीला संडास आहे. मी आले तेव्हा नव्हता. मागून मागून करून घेतला." मग त्या स्वतःहून बोलत राहिल्या. गस्त शक्यतो एकटीने करत नाहीत, सोबत वनमजूर असतात. जनावरापेक्षा लाकूडचोरांची धास्ती जास्त. गुरे आत आली म्हणून हटकले तर गावात तोंडे फिरतात, आणि गावाशी वैर करून जंगल राखता येत नाही, म्हणून गोडीने बोलावे लागते. पगार वेळेवर होतो. घरी मात्र महिन्यातून एखाद वेळ जाणे होते.

भावजयींनी ताडोब्याचे नाव काढले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "त्या दिवशी आम्हा कुणाला जेवण गेलं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी गस्त होतीच. गेले." एवढेच. भीती वाटत नाही असे त्या म्हणाल्या नाहीत, हे आम्हाला बरे वाटले.

अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. वनविभागाच्या विश्रामगृहाची परवानगी असेल तरच राहता येते. म्हणून अंधार पडायच्या आत आम्ही बाहेर पडलो, नदी ओलांडून अलीकडे आलो. काठाच्या एका गावात चळवळीतील मित्राच्या ओळखीचे एक आंध आदिवासी कुटुंब आहे. त्यांच्या शेतात मुक्काम ठरला होता. बायका व मुलींसाठी भाड्याने आणलेला एक तंबू उभा केला. बाकीच्यांनी ताडपत्रीवर पथारी टाकली. घरधनिणीने तीन दगडांची चूल मांडून दिली. ज्वारीच्या गरम भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि कांदा. नऊ जणांत किती भाकरी संपल्या हे कुणी मोजले नाही.

रात्री थंडी कडक होती. रातवा ओरडत होता. दूर कुठेतरी पत्र्याचा डबा वाजत होता. घरधनी म्हणाला, रानडुकरे हरभऱ्यात शिरतात म्हणून लोक माळ्यावर बसून रात्र काढतात. आम्ही एक दिवस हौसेने उघड्यावर झोपलो. त्यांना पीक राखायला रोज जागावे लागते. जंगल वाचले पाहिजे असे शहरातून म्हणणे सोपे आहे. ते वाचवण्याची किंमत कुणाच्या शेतातून वसूल होते, तेही पाहिले पाहिजे. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा आणि कागद वेळेवर झाले तर. अर्ज कसा करायचा, हे आम्ही चुलीच्या उजेडात घरधन्याला एका वहीत लिहून दिले. कारकुनाला दुसरे काय देता येणार?

पहाटे जाग आली तेव्हा तंबूबाहेर भावजय नदीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेजारी पुतणी. दोघी बोलत नव्हत्या. पाण्यावर धुके होते. परतीच्या गाडीत किनवट सुटेपर्यंत त्या गप्पच होत्या. मग एकदम आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "नांदेडात गाडी थांबवा. हिला बूट घ्यायचेत. चपलेनं त्या वाटा चालत न्हाईत."

पुतणी खिडकीबाहेर पाहत होती. तिने तोंड वळवले नाही, पण तिचे कान लाल झालेले आम्हाला दिसले.

वाचक बंधु-भगिनींनो, खर्चाचा हिशेब देतो, कारण तो लागतोच. गाडी 5,200 रुपये, जेवणखाण 1,100, वाटाड्या व प्रवेश 450. एकूण 6,750, म्हणजे माणशी 750 रुपये. सोबत ओळखपत्र, प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, पायात बूट, अंगात हिरवे किंवा मळकट रंगाचे कपडे असावेत. प्लास्टिक परत आणावे. जंगलात विस्तव पेटवू नये. आणि वस्तीतल्या एखाद्या मुलीला बरोबर न्यावे.

रात्री मुखेडला पोचलो तेव्हा वडील ओट्यावर जागे होते. आम्ही सांगायला सुरुवात केली. अस्वल, जोडसाग, वनरक्षक बाई, बूट. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले.

"नदीला पाणी होतं का?"

"होतं," पुतणी म्हणाली. "ओंजळीनं प्याले मी."

वडिलांनी मान हलवली आणि आत झोपायला गेले.