माडीचे कूळ

आम्ही बेळगावकर माडीवर अभ्यासाला बसतो, माळ्यावर अडगळ टाकतो आणि गच्चीवर कपडे वाळत घालतो. हे शब्द आम्हांस इतके घरचे वाटतात की, त्यांचे कूळ विचारण्याची कोणास आवश्यकता भासत नाही. परंतु एकदा ते विचारलेच, तर मोठी मौज दिसते.

'माडी'चे कूळ द्राविडी. कन्नड 'माडि' आणि तमिळ 'माडम्' ही तिची भावंडे होत. शेजारच्या कन्नड घरी गेलो, तरी वर जायचे ते माडीवरच! माडाच्या झाडापासून काढतात ती माडी मात्र निराळी. 'माळा' घरात असतो, तसा शेतातही असतो. त्यावर उभे राहून राखणदार पाखरे हाकतो. गुजरातीत 'माळ' म्हणजे मजला, आणि 'माळो' म्हणजे चक्क पाखराचे घरटे! 'गच्ची' या शब्दात तर उंचीचा अर्थच नाही. फारसी 'गच' म्हणजे भिंतींना व छतांना लावायचा लेप. आपल्या 'चुनेगच्ची'तही तोच आहे. 'मजला' आला अरबी 'मंझिल'वरून. प्रवासात उतरण्याचे ठिकाण, हा त्याचा मूळ अर्थ. 'मजल दरमजल' करणारा वाटसरू त्याच कुळातला. आणि या सर्व ठिकाणी आम्हांस पोहोचविणारा 'जिना'? तोही फारसीच.

मग हे शब्द मराठी नव्हेत काय? अवश्य आहेत. 'घोडा' या शब्दाचे 'घोड्यावर' होते, तसेच 'माळा'चे 'माळ्यावर' आणि 'जिना'चे 'जिन्यात' होते. मराठी व्याकरणाने त्यांना आपल्या पंक्तीत बसविले. तेथेच ते आपले झाले.

1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून या सीमाभागात भाषा हा जिव्हाळ्याचा आणि पुष्कळदा वेदनेचा विषय होऊन राहिला आहे. मराठी शाळा टिकाव्यात, मराठी वाचली जावी, यासाठी झटणे हे आमचे कर्तव्यच आहे. मात्र त्या अभिमानापोटी शेजाऱ्याच्या भाषेचा दुस्वास करण्याचे कारण नाही. परका म्हणून एकेक शब्द बाहेर काढू लागलो, तर माडी कन्नड शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यावी लागेल, मजला अरबांस आणि गच्ची इराणास परत द्यावी लागेल. जिनाही गेल्यावर आम्ही वर चढणार तरी कशाने?