भोकं बुजवण्याचं शास्त्र

गेले तीन वीकएंड मी भोकं बुजवतोय. हसू नका, सीरियसली! सोमवार ते शुक्रवार पुण्यात बसून सॉफ्टवेअरमधली, आणि शनिवारी पहाटे ताम्हिणी उतरून, कोलाड-रोहा करत निडीला जाऊन काकांच्या गाडीतली.

निडी म्हणजे नागोठणे आणि रोह्याच्या मधलं छोटंसं स्टेशन. दिवा-रोहा गाडीने जाणाऱ्यांनाच ते माहीत असायचं. आणि काकांची गाडी म्हणजे १९९० ची प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, वयाने माझ्यापेक्षा मोठी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण निडीला ही बाई अजून ड्युटीवर आहे. दर महिन्याला काकूला अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं काम तिचं.

रस्ता असा: भिसे खिंड, नागोठणे, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. यातल्या वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलं की काटा लालकडे सरकायचा. दोन वर्षांत वॉटर पंप तीनदा गळला. शेवटी काकांनी जाहीर केलं, "आता एकदा जरी तापली आणि हेड वाकलं, तर इंजिन उघडायचं नाही. सरळ भंगारात."

काकूचा चेहरा बघून मी म्हटलं, थांबा, एक उपाय करून बघू.

मुळात दुखणं काय, तर जुना पंप पट्ट्यावर चालतो. इंजिन जोरात फिरलं की पंप जोरात, इंजिन संथ की पंप संथ. म्हणजे ट्रॅफिकमध्ये वारा नसताना, गरज सगळ्यात जास्त असताना, पाणी सगळ्यात हळू फिरतं. पंखाही त्याच शाफ्टवर, त्यामुळे तोही सुस्त. शिवाय चावी फिरवली की दोघंही बंद, आणि तापलेल्या लोखंडातली उष्णता आतल्या आत पाण्यात. इलेक्ट्रिक पंपाला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही. कंट्रोलर तापमान बघतो आणि इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ पाणी फिरवत ठेवतो. हा काही जुगाड नाही बरं का. २००९ सालच्या टोयोटा प्रियसच्या इंजिनाला असे पट्टेच नाहीत, पाण्याचा पंप विजेवरच. जुन्या गाड्यांसाठी ऑस्ट्रेलियातली डेव्हिस क्रेग ही कंपनी असे पंप बनवते. मिनिटाला ८० लिटरचा आपल्याला पुरे.

पंप बसवणं सोपं निघालं. रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, शक्य तितका खाली, म्हणजे त्याच्या तोंडाशी कायम पाणी राहतं. असा पंप स्वतःहून हवा ओढून पाणी वर आणत नाही. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, दोघांना वेगळा रिले आणि फ्यूज, डायनॅमोला आखूड पट्टा. एक शनिवार!

उरलेले दोन वीकएंड गेले ते जुना पंप *काढण्यात*. कारण पंप काढला की मागे भोकं उरतात.

खालच्या होजचं पाणी जुन्या पंपाच्या घरातूनच इंजिनात शिरतं, म्हणून घर ठेवायचं होतं. आतलं पातं, शाफ्ट, बेअरिंग आणि सील मात्र बाहेर. आता मोजा. शाफ्टचं मोठं भोक एक. थर्मोस्टॅट काढल्यामुळे बिनकामाची झालेली बायपासची नळी दोन. ती उघडी राहिली तर पाणी रेडिएटरला वळसा घालून तिथल्या तिथे फिरत बसणार. थेट पाण्याच्या पोकळीत उतरणारे बोल्ट तीन, त्यांच्या आट्यांना सीलंट नाही लावलं तर पाणी आट्यांवरून चढत बाहेर येतं. आणि चौथं, घराच्या पोटाशी एक बारीकसं भोक. त्याच्याबद्दल पुढे.

रोह्याचा एक मिस्त्री म्हणाला, "एम-सील मारा की राव." पाण्याच्या टाकीला एम-सील ठीक आहे. इथे रेडिएटरचं झाकण साधारण ७ पीएसआयचं, म्हणजे आत अर्धा किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब. त्या दाबामुळेच पाणी १०० ऐवजी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. भोक ३६ मिलिमीटरचं, क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाच किलोचा रेटा, कायम, आणि रोज गरम-गार, गरम-गार.

इथे काका मैदानात उतरले. काकांनी धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तीस वर्षं फिटर म्हणून काढली. ते म्हणाले, "व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइन बंद झाली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. ब्लाइंड टाकायचा, बोल्ट आवळायचे, टॅग लावायचा. मग माणूस आत पाठवायचा."

मग धाटावच्या एका लेथवर गट्टू करून घेतला. घर ज्या धातूचं, गट्टू त्याच धातूचा. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं, ७० अंशांच्या फरकाला या मापावर तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण गळतीला तेवढं पुरतं. गट्टूच्या खाचेत ईपीडीएमची ओ-रिंग, ग्रीस सिलिकॉनचं, कारण साध्या ग्रीसने ईपीडीएम फुगतं. दाबाने गट्टू बाहेर सरकू नये म्हणून वरून जाड पट्टी, तिच्याखाली पॅकिंग. सिलिकॉन पातळ बोटभर, ढीग नाही, जास्तीचं आत पिळवटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं.

आता ते चौथं भोक. जुन्या पंपात सील आणि बेअरिंगच्या मधे एक बारीक भोक असतं. सील म्हातारं झालं की तिथून थेंब पडतो. आमचा गट्टू जुन्या सीलच्या जागी बसला, पट्टी बेअरिंगच्या तोंडावर, आणि हे भोक बरोब्बर दोघांच्या मधे उघडं. मी बोल्ट घेऊन तेही बंद करायला निघालो होतो, सगळंच बंद तर हेही बंद!

काका म्हणाले, "ते नको बुजवूस."

त्यांच्या कंपनीत धोकादायक लाइन बंद करताना दोन व्हॉल्व्ह लावायचे आणि मधला छोटा ड्रेन उघडा ठेवायचा. पहिला गळला तर माल दुसऱ्यावर जाऊन न साठता ड्रेनमधून दिसतो. "बंद केलंय यावर विश्वास ठेवायचा नाही रे, बंद आहे का ते दिसलं पाहिजे."

मग दाब दिला. हातपंपाने ७ पीएसआय, पंधरा मिनिटं, खाली कोरडा पुठ्ठा. काटा हलला नाही, पुठ्ठा कोरडा. नंतर रेडिएटरचं तोंड उंच करून, होज दाबदाबून अडकलेली हवा काढली, कारण हवेचा एक फुगा अडकला की नवा पंपही नुसता घुमत राहतो. इंजिन गरम करून, गार करून बोल्ट पुन्हा तपासले. गेल्या रविवारी काकूला घेऊन अलिबाग करून आलो. वडखळला पस्तीस मिनिटं अडकलो, काटा मधेच. काकूने काट्याकडे बघितलंसुद्धा नाही, तिला मुळी त्यातलं काही बघायचंच नव्हतं :)

आता ऑफिसात येत्या महिन्यात आमची एक जुनी सर्व्हिस काढायची आहे. नवीन कधीचीच सुरू झालीय, डेमो झाला, टाळ्या झाल्या. जुनीचे पोर्ट आणि क्रॉन जॉब बंद करण्याचं काम माझ्याकडे आलंय. ते सगळे बंद करणार आहे. फक्त बंद केलेल्या दारावर कुणी टकटक केली तर लॉगमध्ये एक ओळ पडेल, एवढं उघडं ठेवणार आहे. मॅनेजरने विचारलं, वापर शून्य असेल तर लॉग कशाला? मी म्हटलं, शून्य आहे ते दिसायला.