पाच दारांचा दिवाणखाना

वाचकहो, आपल्या दिवाणखान्याला दारे किती आहेत हे आपण कधी मोजले आहे काय? बंगळूरच्या इंदिरानगरात आम्ही भाड्याच्या घरात राहावयास आलो त्याला चार वर्षे होऊन गेल्यावर मी ती एकदा मोजली, आणि पाच भरली. एक रस्त्याकडचे, एक स्वयंपाकघराचे, दोन निजण्याच्या खोल्यांची, आणि पाचवे घराच्या कडेच्या अरुंद बोळात उघडणारे, जेथे आम्ही कपडे वाळत घालतो. शिवाय एक मोठी खिडकी. या सगळ्यांतून जी भिंत शिल्लक राहिली, तिला टेकवून एक लांब सोफा, दोन खुर्च्या, काचेचे कपाट, दूरदर्शन संच आणि एक वृद्ध मनुष्य यांची सोय लावावयाची होती. हे वृद्ध मनुष्य म्हणजे माझे सासरे.

ही वसाहत १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूर विकास प्राधिकरणाने आखली. येथील अनेक भूखंड तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. एवढ्या जागेत कडेने मोकळी जागा सोडावयाची, पुढचा एक कोपरा मोटारीला द्यावयाचा, वास्तुशास्त्र मानणाऱ्याने आग्नेयेस चूल आणि ईशान्येस देव ठेवावयाचे; मग जे उरेल ते माणसांनी बसण्याचे. आमचा दिवाणखाना मोटारीच्या कोपऱ्यामुळे काटकोनात वळला आहे. घरमालकांना मी दोष देत नाही. त्यांनी घर बांधले तेव्हा मोटार ही कौतुकाची वस्तू होती, आणि कौतुकाच्या वस्तूला सगळेच जागा देतात.

साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात हा प्रश्न कधी पडला नाही. तेथे ओटी होती, माजघर होते, परंतु हलविता येणार नाही असे सामान फारसे नव्हते. चार माणसे आली की सतरंजी अंथरावयाची, लोड-तक्के मांडावयाचे. माणसे गेली की सगळे गुंडाळून कोनाड्यात. बसणारा आपोआप दुसऱ्याकडे तोंड करून बसे. सोफा मात्र एकदा ठेवला की त्याचे तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेला घरातील सर्वांची तोंडे वळतात, हे मला फार उशिरा उमगले.

सासूबाई गेल्यानंतर मामंजी आमच्याकडे आले. सोबत त्यांची वेताची आरामखुर्ची आली. ती कोठे ठेवावी यावर बराच खल झाला. अखेर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून ती खोलीच्या वळलेल्या भागात, सोफ्याच्या मागे ठेवली. ‘तेथे त्यांना कोणाचा त्रास होणार नाही,’ असे मीच म्हटल्याचे मला आठवते. हळूहळू त्यांचे बोलणे कमी झाले. आम्हांस वाटले, दुःख ताजे आहे. मग वाटले, ऐकू कमी येते. वैद्यांनी कानाचे यंत्र दिले. ते बहुधा डबीतच राही.

एके संध्याकाळी आठ वर्षांच्या नातवाने त्यांना सरळ विचारले, “आजोबा, तुम्ही आमच्याशी बोलत का नाही?” ते म्हणाले, “अरे, तुम्ही सगळे मला पाठमोरेच दिसता. पाठीशी काय बोलावयाचे?”

त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी खडू घेतला आणि आम्ही ज्या वाटांनी दिवसभर ये-जा करतो, त्या जमिनीवर आखल्या. कोणत्या दारातून कोणत्या दाराकडे कोण जाते, एवढेच. आखून पाहते तो सगळ्या वाटा खोलीच्या मध्यभागी एकमेकींस छेदत होत्या. म्हणूनच आमचे सामान भिंतींना चिकटून, धर्मशाळेतील वाटसरूंसारखे बसले होते! पाचव्या दाराची वाट सर्वांत लांब, आणि तिचा उपयोग दिवसातून एकदा ओले कपडे नेण्यापुरता. त्या बोळात स्वयंपाकघरातूनही जाता येते. घरमालकीण अज्जी वरच्या मजल्यावर राहतात; त्यांना विचारून मी ते दार कडी घालून बंद केले. एक दार बंद होताच एक भिंत मिळाली.

मग वर्तमानपत्रे जोडून सोफ्याच्या व खुर्च्यांच्या मापाचे तुकडे कापले आणि ते जमिनीवर सरकवून पाहिले. आपणही जड सामान हलविण्यापूर्वी हे अवश्य करून पाहावे. कागद सरकविताना कंबर धरत नाही आणि यजमानांना हाक मारावी लागत नाही. मामंजी काठी घेऊन चालतात, म्हणून त्यांच्या वाटेला तीन फूट रुंदी राखली. तिपाई सोफ्यापासून दीड फुटावर, म्हणजे गुडघेही आपटत नाहीत आणि कपही हाती येतो. सोफा भिंतीपासून सोडवून खोलीत आडवा आणला, त्याची पाठ वाटेकडे केली. काचेचे कपाट दिवाणखान्यातून काढून निजण्याच्या खोलीत ठेवले. त्यातील बाहुल्या पाहावयास चार वर्षांत कोणीही आले नव्हते.

मामंजींची खुर्ची सोफ्यासमोर, सात फुटांवर आली. येथे माझी चूक झाली. सोफ्याच्या मागे ती मोठी खिडकी होती. सोफ्यावर बसणाऱ्यांचे चेहरे उजेडाकडे पाठ असल्याने त्यांना काळे दिसत. ज्याला कमी ऐकू येते तो निम्मे बोलणे ओठांवरून ओळखतो; त्याला समोरच्याच्या तोंडावर उजेड हवा, हे मी ध्यानातच घेतले नव्हते. तीन दिवसांनी सगळी मांडणी काटकोनात फिरविली. आता खिडकी कडेला आली आणि उजेड सर्वांच्या चेहऱ्यांवर पडू लागला.

यजमानांना हे मुळीच रुचले नाही. दारातून येणाऱ्या पाहुण्याला आधी सोफ्याची पाठ दिसावी, हे त्यांना शिष्टाचाराविरुद्ध वाटे. दोनदा तर मी बाजारातून परत आले तो सोफा पुन्हा भिंतीशी! मला रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाची हकिकत आठवली. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातील एका रुग्णालयात वृद्ध स्त्रियांच्या कक्षात त्यांनी असाच खटाटोप केला होता. कक्ष स्वच्छ, नीटनेटका. खुर्च्या भिंतींलगत ओळीने मांडलेल्या, आणि त्यांवर बसलेल्या स्त्रिया एकमेकींशी जवळजवळ बोलतच नसत. सॉमर यांनी खुर्च्या लहान मेजांभोवती आणल्या. प्रारंभी त्या पुन्हा भिंतींकडे परत जात. परंतु काही आठवडे मांडणी तशीच राखल्यावर स्त्रियांचे परस्परांतील संभाषण जवळजवळ दुप्पट झाले. ही हकिकत मी यजमानांना सांगितली. ते म्हणाले, “आपले घर म्हणजे रुग्णालय नव्हे.” खरेच आहे. तरी तिसऱ्यांदा सोफा हलला नाही.

मामंजी दुसऱ्याच दिवसापासून घडाघडा बोलू लागले, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. पहिले आठ-दहा दिवस ते नुसते आमच्याकडे पाहत. मग एकदा मी वर्तमानपत्र वाचीत असता त्यांनी मला पान उलटताना थुंकी लावू नये म्हणून बजावले. लग्नाला बारा वर्षे झाली. ही सवय त्यांना प्रथमच दिसली असावी. आताशा यंत्र कानात असते. कढीलिंब घेऊन येणाऱ्या अज्जी दारातूनच परत जात असत, त्या हल्ली घटकाभर टेकतात. त्यांना मराठी येत नाही, मामंजींना कानडी येत नाही. दोघेही मोडक्या हिंदीत आपापल्या गुडघ्यांविषयी बोलतात.

एक अडचण मात्र राहिली आहे. दूरदर्शन संच आता कडेच्या भिंतीवर आहे आणि सोफ्यावरून तो तिरपा दिसतो. गेल्या रविवारी क्रिकेटचा सामना होता. नातवाने प्रस्ताव मांडला की निदान आजच्यापुरता सोफा पूर्वीसारखा फिरवावा. मी काही बोलण्यापूर्वीच मामंजींनी विचारले, “कोणाचा सामना आहे?” उत्तर ऐकून त्यांनी आपली आरामखुर्ची चार बोटे संचाकडे सरकविण्यास त्याला सांगितले, आणि शेजारी तिपाई रिकामी करून ते म्हणाले, “तू येथे बैस. सोफा राहू दे.”